कागद कोणाच्या हाती? : घरे बांधणाऱ्यांच्या घरकर्जाची गोष्ट

२०१८ च्या उन्हाळ्यात आमच्या थोरल्या भावाची, म्हणजे भाईजानांची, घरकर्जाची फाइल बँकेतून परत आली. बँकेचे नाव सांगण्याचे कारण नाही. दुसऱ्या बँकेत गेलो असतो तरी बहुधा हेच झाले असते. भाईजान बांधकामाची कंत्राटे घेतात. आमचे दादाजान कोयनेच्या धरणावर गवंडी होते. अब्बांनी कराड-सातारा भागात मजुरीवर घरे बांधली. भाईजान सांगली-मिरजेकडे आले आणि मटेरियलसह कामे घेऊ लागले. तीन पिढ्यांत आमच्या घराने कितीतरी कुटुंबांच्या डोक्यावर छप्पर घातले. फाइल परत देताना बँकेतले साहेब सभ्यपणेच म्हणाले, "तुमचे काम चांगले आहे, ते मी पाहिले आहे. पण कागदावर तुमचे उत्पन्न दिसत नाही."

शेवटी कर्ज झाले ते आमच्या नावावर. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिक्षक. आमचा पगार भाईजानांच्या एका महिन्याच्या उलाढालीपुढे फार लहान. पण तो ठरल्या वेळी खात्यात जमा होतो आणि त्याचे पत्रक मिळते. त्या पत्रकांवर काम भागले. आज त्या घराच्या कागदांवर पहिले नाव आमचे आहे, दुसरे भाईजानांचे. हप्ते ते भरतात. याबद्दल त्यांनी आजवर एक शब्दही काढलेला नाही, आणि तेच आम्हाला जास्त लागते.

"उत्पन्न दिसत नाही" हे वाक्य तेव्हापासून आमच्या डोक्यातून गेले नाही. ज्याचे उत्पन्न महिन्याच्या ठरल्या तारखेला येत नाही, अशा माणसाला आमच्या या मुलखात कर्ज कोण देत होते, कशावर देत होते आणि ते कोठे लिहिले जात होते, याचा शोध घ्यावा असे वाटले. सातारा आणि सांगली असे दोन जिल्हे आज आपण म्हणतो. पण १९४९ पर्यंत सातारा जिल्हा एकच होता. संस्थाने विलीन झाल्यावर त्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन भाग झाले आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याचे नाव सांगली पडले. म्हणून ही गोष्टही एकाच मुलखाची आहे.

शब्दांची साक्ष

उर्दू शिकवणाऱ्याला एक खोड असते. शब्द दिसला की त्याचे मूळ गाव विचारायचे. मराठी माणूस कर्ज काढायला जातो तेव्हा तो किती अरबी-फारसी बोलतो, याचा हिशेब एकदा करून पाहावा. 'हिशेब' अरबीच. कर्ज, रक्कम, मुदत, जामीन, वसूल, तगादा, जप्ती हेही अरबीतून आलेले. दस्तऐवज फारसी. गहाण, तारण आणि व्याज हे मात्र घरचे शब्द. बांधकामाचा ठेका घेणाऱ्याला जुने लोक 'मक्तेदार' म्हणत; तो मक्ताही अरबीच. म्हणजे या व्यवहारात दोन्ही भाषा कित्येक शतके एकाच बैठकीवर बसलेल्या आहेत.

यातला 'हप्ता' हा शब्द पाहा. फारसीत 'हफ्ता' म्हणजे आठवडा. आमच्या भागात गवंडी आणि बिगारी यांचा पगार आजही आठवड्याने, बाजाराच्या दिवशी होतो. मुकादम पैसे वाटतो, त्यातून पिशवी भरते, उधारी फिटते आणि उरले तर भिशीत जाते. बँकेचा हप्ता मात्र महिन्याचा. शब्द आठवड्याचा, मागणी महिन्याची. आणि कंत्राटदाराला बिल मिळते ते आठवड्याने नाही, महिन्यानेही नाही. समोरच्याच्या सवडीने मिळते. सरकारी काम असेल तर वर्षही लागते. २०२५ मध्ये थकलेल्या बिलांसाठी राज्यभरातील कंत्राटदारांना आंदोलने करावी लागली, हे वाचकांना आठवत असेल. अडचणीचे मूळ या वेगवेगळ्या घड्याळांत आहे.

कुकरूडची रात्र

कर्ज आणि कागद यांची पहिली मोठी झुंज या मुलखाने १८७५ मध्ये पाहिली. १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांच्या पेढ्यांवर चाल केली आणि पुढे पुणे-नगर भागातील अनेक गावांत तसेच झाले. इतिहासात त्याला 'दख्खनचे दंगे' म्हणतात. या दंग्यांत सातारा जिल्हा बहुतांशी शांत होता. पण १० सप्टेंबरच्या रात्री जिल्ह्याच्या अगदी दक्षिण टोकाला कुकरूड गावात लोकांनी सावकाराचे घर फोडले आणि त्याची कागदपत्रे नष्ट केली. हे कुकरूड म्हणजे आज सांगली जिल्ह्याच्या शिराळा तालुक्यातले कोकरूड.

या दंग्यांचे एक वैशिष्ट्य सर्वांनी नोंदवले आहे. लोकांचा मुख्य रोख माणसांवर नव्हता, सोन्यानाण्यावरही नव्हता. त्यांना कागद हवे होते. जिथे सावकाराने खते मुकाट्याने दिली तिथे पुष्कळदा त्याला हातही लागला नाही. जिथे दिली नाहीत तिथे आग लागली.

असे का झाले? अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि सावकाराने हात सैल सोडला. युद्ध संपले, भाव पडले, त्यातच सरकारने शेतसारा वाढवला आणि सावकाराने हात आखडला. शिवाय १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या खताची मुदत तीन वर्षांवर आणली होती. कर्जदाराच्या भल्यासाठी केलेला हा कायदा त्याच्यावरच उलटला. दर तीन वर्षांनी सावकार नवे खत लिहून घेई, मागचे व्याज मुद्दलात मिसळे आणि अंगठा घेई. शाळेत आठवीच्या मुलांना आम्ही 'सूदे मुरक्कब', म्हणजे चक्रवाढ व्याज शिकवतो, तेव्हा ही गोष्ट सांगतो. फळ्यावरचे गणित कळायला त्यांना वेळ लागतो, पण ही गोष्ट लगेच कळते.

अंगठा देणाऱ्याला खतात काय लिहिले आहे ते वाचता येत नव्हते. कागद सावकाराच्या घरी, लेखणी सावकाराच्या हाती आणि कोर्टात खरे ठरायचे ते कागदातले. कर्जदाराकडे त्याच्या स्वतःच्या कर्जाचा एकही कागद नसे. म्हणून त्याने कागदच जाळला.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये 'डेक्कन अ‍ॅग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ अ‍ॅक्ट' आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी तो होता. कर्जासाठी शेतकऱ्याला अटक करणे बंद झाले. नुसत्या खतावर न थांबता व्यवहाराच्या मुळापासून हिशेब तपासावा, असे कोर्टाला सांगण्यात आले. खते गावच्या निबंधकासमोर लिहिली जाऊ लागली. आणि आमच्या दृष्टीने सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे सावकाराने कर्जदाराला पावती द्यावी, वर्षाचा हिशेब लिहून द्यावा आणि मागितल्यास पासबुकात नोंद करून द्यावी, असा हक्क कर्जदाराला मिळाला. आज आपल्या खिशात बँकेचे पासबुक असते. या मुलखात कर्जदाराच्या हाती त्याच्या हिशेबाचा कागद देण्याची गोष्ट कायद्यात आली ती कुकरूडसारख्या गावांनी कागद जाळल्यानंतर. या कायद्याखाली न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी काम केले आणि त्यासाठी पुणे व सातारा जिल्ह्यांत फिरती केली.

पण कायद्याच्या नावातच त्याची सीमा होती. ज्याची उपजीविका मुख्यतः शेतीवर चालते, त्याच्यासाठी हा कायदा. घर बांधणारा गवंडी, दगड फोडणारा वडार, लाकूड तासणारा सुतार यांपैकी ज्याची भाकरी शेतीवर नव्हती, तो या छत्राबाहेर राहिला. शिवाय सांगली, मिरज ही तेव्हा पटवर्धनांची संस्थाने. इंग्रजी मुलखाचा कायदा तिथे आपोआप लागू होत नव्हता. हातावर पोट असणाऱ्या कारागिराचा हिशेब पुढेही दुसऱ्याच्याच वहीत राहिला.

कंत्राटदार जोतीराव

त्याच काळात एक कंत्राटदार पुण्यात हे सारे डोळे उघडे ठेवून पाहत होता. त्याचे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे. महात्मा जोतीराव फुले यांना आपण शाळांसाठी, सत्यशोधक समाजासाठी ओळखतो. पण त्यांच्या पोटापाण्याचा व्यवसाय काय होता, हे फार थोडे लोक विचारतात. ते बांधकामाची कंत्राटे घेत आणि बांधकामाला लागणारे साहित्य पुरवीत. मुठा नदीवर खडकवासल्याचे धरण बांधले जात होते तेव्हा त्या कामाला त्यांनी साहित्य पुरवले होते.

हा व्यवसाय केल्यामुळेच त्यांना इंजिनिअर खात्याचे अंतरंग कळले. कामाची मापे कोण लिहितो, बिल कोण अडवतो, मजुरांच्या हजेरीत काय घडते, हे त्यांनी जवळून पाहिले आणि १८७३ च्या 'गुलामगिरी'त त्या खात्यावर कोरडे ओढले. पुढे १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिताना त्यांनी कागद लिहिणारा आणि अंगठा देणारा यांच्यातली दरी पुन्हा पुन्हा दाखवली. विद्येविना काय काय गेले याचा जो हिशेब ते मांडतात, त्यामागे कंत्राटदाराचा रोजचा अनुभवही आहे, असे आम्हाला वाटते.

आमच्यासारख्या उर्दू शिक्षकाला आणखी एक गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. जोतीरावांची शाळा लहानपणी सुटली होती. त्यांना पुन्हा शाळेत घाला, असे वडील गोविंदरावांना समजावणाऱ्या दोघांपैकी एक होते शेजारचे गफ्फार बेग मुन्शी, उर्दू-फारसीचे शिक्षक. दुसरे लिजिट साहेब. एका मुन्शींनी शेजारच्या मुलाच्या हाती पाटी दिली आणि त्या मुलाने पुढे सगळ्या महाराष्ट्राला कागद वाचायला सांगितले. हा आमच्या पेशाचा वारसा आहे.

ओळखीची बँक

१९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला, १९१२ मध्ये तो विस्तारला, १९२५ मध्ये मुंबई प्रांताने स्वतःचा कायदा केला. सातारा-सांगलीच्या मातीत सहकार किती खोल रुजला हे वाचकांना सांगायला नको. पण सहकाराबरोबरच या दोन गावांनी आणखी एक गोष्ट केली. स्वतःच्या बँका काढल्या. १९१६ मध्ये सांगली संस्थानात सांगली बँक निघाली. १९३६ मध्ये साताऱ्यात अण्णासाहेब चिरमुले यांच्या पुढाकाराने युनायटेड वेस्टर्न बँक सुरू झाली. १९६९ आणि १९८० च्या राष्ट्रीयीकरणात या बँका सापडल्या नाहीत. त्या खाजगीच राहिल्या आणि बाजारपेठेच्या गावांतून वाढत गेल्या.

अशा स्थानिक बँकेचे काम कसे चाले, ते अब्बांच्या तोंडून आम्ही ऐकले आहे. शाखेतले साहेब गावातलेच. अब्बा सकाळी कोणत्या कामावर आहेत हे त्यांना जाता-येता दिसे. बिल कोणाकडे अडकले आहे तेही ठाऊक असे. जामीनदार म्हणून वखारवाला आणि सिमेंटचा दुकानदार सही करत. कारण अब्बा बुडाले तर त्यांचीही उधारी बुडणार होती. कर्ज लहान असे, पण माणूस पाहून मिळे. कागद होता, पण तो शेवटी येई.

याला सुवर्णयुग म्हणण्याचा मोह आम्ही टाळतो. ओळखीवर चालणारे काम ओळख नसणाऱ्याला बाहेर ठेवते. ज्या मोहल्ल्यातला एकही माणूस बँकेच्या संचालकांत किंवा नोकरांत नव्हता, तिथल्या कारागिराची ओळख कोण देणार? अब्बांना ओळख मिळाली कारण साहेबांच्या घराचे काम त्यांनी केले होते. त्यांच्याबरोबरच्या किती गवंड्यांना ती मिळाली, हा प्रश्न आम्ही त्यांना विचारला तेव्हा ते नुसते हसले. शिवाय ओळखीने वाटलेले मोठे कर्ज कसे बुडते आणि त्याखाली लहान ठेवीदार कसा चिरडतो, हेही आपण पाहिले आहे. सांगलीच्या वसंतदादा शेतकरी सहकारी बँकेचा परवाना २००९ मध्ये रद्द झाला, कऱ्हाडच्या जनता सहकारी बँकेचा २०२० मध्ये.

त्या दोन जुन्या बँकांचे पर्वही असेच मिटले. सप्टेंबर २००६ मध्ये रिझर्व्ह बँकेने युनायटेड वेस्टर्नवर निर्बंध आणले आणि ऑक्टोबरमध्ये ती आयडीबीआयमध्ये विलीन झाली. एप्रिल २००७ मध्ये सांगली बँक आयसीआयसीआय बँकेत गेली. अवघ्या सात-आठ महिन्यांत सातारा आणि सांगली या दोन्ही शहरांची स्वतःच्या नावाची बँक संपली. शाखा राहिल्या, इमारती राहिल्या, पुष्कळ कर्मचारीही राहिले. पण कर्ज द्यायचे की नाही, हे ठरण्याची जागा गावातून उठून दूर गेली. दूर बसलेल्या माणसाला अब्बांची परांची दिसत नाही. त्याला कागदच दिसणार.

आठ टक्क्यांचे कोडे

पगारदाराला घरकर्ज मिळण्याची वाट तोवर चांगली रुंद झाली होती. १९७७ मध्ये हसमुखभाई पारेख यांनी एचडीएफसी ही संस्था काढली. त्याआधी मध्यमवर्गीय माणूस बहुधा निवृत्तीच्या वेळी, भविष्यनिर्वाह निधीतून घर बांधत असे. तरुणपणीच कर्ज काढून घर घ्यावे आणि पगारातून फेडावे, ही कल्पना तेव्हा नवी होती. १९८८ मध्ये नॅशनल हाउसिंग बँक स्थापन झाली, १९८९ मध्ये एलआयसीची गृहकर्ज कंपनी आली. २००० मध्ये सिबिल स्थापन झाले आणि कर्जदाराच्या परतफेडीची नोंद एका जागी साठू लागली. या साऱ्या रचनेचा पाया एकच आहे: दर महिन्याला ठरावीक रक्कम येईल, हा भरवसा. ज्याच्या हाती पगारपत्रक आहे त्याचा भरवसा त्याचा मालक लिहून देतो. ज्याचा मालक तो स्वतःच आहे, त्याने तो स्वतः लिहायचा असतो.

इथे कंत्राटदार एका कोड्यात सापडतो. १९९४ मध्ये आयकर कायद्यात ४४ एडी हे कलम आले, आणि ते आधी खास बांधकाम कंत्राटदारांसाठीच होते. वर्षाला ४० लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्याने हिशेबाच्या वह्या ठेवल्या नाहीत तरी चालेल. उलाढालीच्या किमान आठ टक्के नफा धरून कर भरावा. पुढे ही सवलत इतर छोट्या व्यवसायांनाही मिळाली आणि मर्यादा वाढत गेली. सवलत चांगली होती. पावसात, धुळीत काम करणाऱ्याला वह्यांच्या जाचातून तिने सोडवले. पण 'किमान' हा शब्द सगळे विसरले. रिटर्न भरून देणाऱ्याने आठ टक्के लिहायचे आणि भाईजानांनी सही करायची, अशी रीत पडली.

आता हिशेब करून पाहू. समजा, वर्षाची उलाढाल ३० लाख. आठ टक्क्यांनी नफा २ लाख ४० हजार, म्हणजे महिन्याला २० हजार. २०१८ मध्ये अडीच लाखांच्या आत कर नव्हता, म्हणून कर शून्य. सगळे खूश. पुढे तोच माणूस कर्जाला जातो. बँक साधारणपणे उत्पन्नाच्या निम्म्याच्या आत हप्ता बसवते, म्हणजे १० हजार. नऊ टक्के व्याज आणि वीस वर्षांची मुदत धरली तर एक लाखाला सुमारे ९०० रुपये हप्ता पडतो. म्हणजे कर्ज मिळणार जेमतेम ११ लाख. महिना ५० हजार हाती येणाऱ्या शिक्षकाला त्याच हिशेबाने सुमारे २७ लाख मिळतात. कंत्राटदाराचा खरा नफा आठ टक्क्यांहून जास्त असेल, पण त्याने स्वतःच सही करून तो आठ टक्के असल्याचे सांगितले आहे. साहेबांचे "दिसत नाही" हे शब्द आम्हाला बोचले होते. शांतपणे पाहिले तेव्हा कळले की ते न दिसण्यात आमच्याही सहीचा वाटा होता.

मोहल्ल्याची बाजू

आमच्या समाजात हा प्रश्न अधिक गुंतलेला आहे. नोकरदारांपेक्षा स्वतःचा धंदा आणि हातकाम करणारे आमच्यात जास्त, हे २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात आले आहे. काही बँका ठरावीक वस्त्यांना नकाराचे क्षेत्र मानून तिथे कर्ज देण्याचे टाळतात, हेही त्या अहवालाने नोंदवले. तेव्हा उत्पन्न दिसले तरी पत्ता आड येतो, ही तक्रार नुसती कल्पनेतली नाही.

दुसरी अडचण जमिनीची. १९४७ च्या तुकडेबंदीच्या कायद्यामुळे शेतजमिनीचा लहान तुकडा खरेदीखताने घेता येत नव्हता. म्हणून गरिबांनी गुंठा-दोन गुंठे मुद्रांकावर, नोटरीवर घेतले आणि घरे बांधली. सांगली-मिरज-कुपवाडमध्ये अशा वस्त्या किती आहेत हे तिथे राहणाऱ्यालाच ठाऊक. २००१ मध्ये गुंठेवारीचा कायदा आला आणि अशी घरे नियमित करण्याची वाट निघाली. ज्यांनी पैसे भरून ते काम पुरे केले नाही, त्यांच्या हाती घर आहे, पण बँकेने तारण धरावे असा कागद नाही.

तिसरी गोष्ट भिशीची. मोहल्ल्यातली भिशी हा बिनव्याजी, विश्वासाचा व्यवहार आहे. अम्मींच्या भिशीतून आमची बी.एड. ची फी भरली गेली. वर्षानुवर्षे एकही हप्ता न चुकवणाऱ्या बाया आम्ही पाहिल्या आहेत. पण त्या नियमितपणाची नोंद कोणत्याही बँकेला दिसत नाही. सचोटी आहे, तिचा कागद नाही.

आणि चौथी गोष्ट सूदाची, म्हणजे व्याजाची. व्याजाच्या भीतीने बँकेकडे न जाणारे पुष्कळ लोक आमच्यात आहेत. त्यांच्या श्रद्धेचा आम्ही आदर करतो. घरकर्जाविषयी आलिमांमध्ये जी चर्चा आहे तिच्यात बोलण्याचा आमचा अधिकार नाही. पण डोळ्यांनी पाहिलेले सांगायला हरकत नसावी. बँकेचे व्याज नको म्हणणारा माणूस अडचणीच्या रात्री खाजगी सावकाराच्या दारात उभा राहतो आणि महिन्याला शेकडा पाच-दहाने पैसे उचलतो, तेव्हा तो व्याजातून सुटत नाही. फक्त १८७५ च्या कर्जदारासारखा बिनकागदाचा होतो. विनापरवाना सावकारी रोखण्यासाठी राज्याने २०१४ मध्ये नवा कायदा केला. पण ज्याच्याकडे पावतीच नाही तो तक्रारीला काय जोडणार?

सर्वांत लांब आयत

कुरआने पाकमधील सर्वांत लांब आयत कोणती, असे मुलांना विचारले तर बरीच मुले सांगतात: सूरह अल-बकराची २८२ वी. तिचा विषय विचारला तर मात्र मोठेही घुटमळतात. तिचा विषय आहे कर्जाचा व्यवहार लिहून ठेवणे. व्यवहार लहान असो वा मोठा, मुदतीसह लिहावा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, साक्षीदार असावेत, असा तिचा आशय आहे. आणि मजकूर कोणी सांगायचा? ज्याच्यावर देणे आहे त्याने. कर्जदाराने बोलायचे आणि लेखकाने लिहायचे. कुकरूडच्या रात्री जे खटकले होते ते नेमके हेच होते. देणे शेतकऱ्याचे, मजकूर सावकाराचा. त्याच्या आधीच्या आयतींत व्याजाची मनाई आहे आणि अडचणीतल्या कर्जदाराला सवड द्यावी असेही सांगितले आहे. मनाई आम्ही पाठ केली. लिहिण्याची आज्ञा मात्र पुस्तकातच राहिली.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला. सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेले. भाईजानांच्या साइटवरच्या खोलीत छातीभर पाणी शिरले. पाणी ओसरल्यावर त्यांनी पहिल्यांदा काय बाहेर काढले असेल तर भिजलेली बिले, मापांच्या वह्या आणि पावत्यांचा एक ट्रंक. गच्चीवर एकेक कागद त्यांनी विटेखाली ठेवून वाळवला. आम्ही मदतीला होतो. तेव्हा प्रथमच कळले की त्यांच्याकडे कागद होते. ते कधी कोणी नीट लावून, जोडून वाचले नव्हते, एवढेच.

त्यानंतर आम्ही दर रविवारी बसू लागलो. घेतलेले पैसे खात्यावर घ्यायचे, मजुरी वहीत लिहायची, बिलातून कापला गेलेला टीडीएस पाहायचा, नफा असेल तितका रिटर्नमध्ये दाखवायचा आणि त्यावर पडेल तो कर भरायचा. पहिल्या वर्षी कर भरताना भाईजानांचा हात जड झाला होता. अशी तीन वर्षे गेली. वरच्या मजल्यासाठी त्यांनी २०२३ मध्ये पुन्हा अर्ज केला, या वेळी एकट्याच्या नावावर. मागितले त्याहून कमी मिळाले, वेळही पुष्कळ गेला. पण मंजुरीच्या पत्रावर नाव त्यांचे होते.

आमच्या वाचकांत गवंडी, मुकादम, लहान कंत्राटदार यांची मुले असतील, शिक्षक तर नक्कीच असतील. बँकांनी पद्धत बदलावी, अनियमित उत्पन्नाचे मोजमाप वेगळे करावे, पत्त्यावरून माणूस नाकारू नये, हे मागत राहिलेच पाहिजे. पण रविवारी एक तास घरातल्या कष्टकऱ्याजवळ वही घेऊन बसायला कोणाच्या मंजुरीची गरज नाही. गफ्फार बेग मुन्शींनी शेजारच्या मुलासाठी शब्द टाकला होता. आपण निदान आपल्या भावासाठी लेखणी उचलू या.